दहा नंबरचा डबा

चिवड्याचा पुडा ठेवायला जागा हवी होती म्हणून मी फळीवरचे दोन डबे जरासे सरकवले, एवढंच माझं चुकलं. पुढचं सगळं त्या डब्यांनी केलं. दोघे एकदमच खाली आले, झाकणं दोन दिशांना गडगडत गेली आणि आतली दोन रिळं मशीनरूमच्या फरशीवर उपड्या ताटांसारखी पालथी पडली. सुटली नाहीत हे नशीब. पडद्यावर तेव्हा नववं रीळ चालू होतं. मशीनची घरघर एवढी की निवृत्तीने काही ऐकलं असेल असं मला वाटलं नाही. तो भिंतीतल्या वीतभर काचेला डोळा लावून उभा होता, पाठ माझ्याकडे. मी चपळाईने दोन्ही रिळं उचलली, दोन्ही डब्यांत घातली, झाकणं दाबली, डबे होते तिथे ठेवले आणि निष्पाप माणूस खाईल तसा चिवडा खाऊ लागलो.

एका झाकणावर दहा लिहिलेलं होतं, दुसऱ्यावर अकरा. मी पाटबंधारे खात्यात कारकून. वर जे लिहिलंय तेच आत आहे असं धरून चालायचं, ही आमच्या खात्याची शिकवण.

हे साल अठ्ठ्याहत्तर. गणपती उठून आठवडा झाला होता. भद्रकालीच्या मागे मोहिनीराज टॉकीज नावाचं थिएटर होतं आणि त्याच्या समोरच्या माडीवर माझी भाड्याची खोली. थिएटरच्या हँडबिलांचा मजकूर मी लिहून देत असे. 'आज भव्य प्रारंभ', 'सहकुटुंब पाहा', 'हसून हसून पोट दुखेल' वगैरे. त्याचा मोबदला म्हणून मला मशीनरूममध्ये एक स्टूल मिळालं होतं. त्या स्टुलावर बसून मी निवृत्ती सांगळे याच्याशी गप्पा मारीत असे. म्हणजे मारणारा मी. निवृत्ती एकेक शब्द असा बाहेर काढायचा की जणू तो परत करावा लागणार आहे.

निवृत्ती सिन्नरकडच्या एका खेड्यातून सोळाव्या वर्षी नाशकात आला होता. आधी थिएटर झाडलं, मग रिळं गुंडाळली, मग परीक्षा देऊन ऑपरेटरचं लायसन्स काढलं. किडकिडीत अंगाचा, मशीनच्या धगीने भुवया अर्ध्या झालेल्या, शर्टाच्या खिशात पेनच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. दहा वर्षं पिक्चर दाखवत होता, पण पिक्चर बघत मात्र नसे. त्या काचेतून तो बघायचा माणसं.

"पिक्चर काय, रोज तेच," तो म्हणायचा. "लोक रोज नवे."

कुठल्या रिळाला कोण पाणी प्यायला उठतं, कुठल्या गाण्याला बाल्कनी पाय हलवते, लेडीज क्लासमधली पोरं कधी रडतात, सगळं त्याच्या डोक्यात. अंधारात नुसती डोकी बघून पिक्चर किती दिवस चालणार ते सांगायचा, आणि ते खरं ठरायचं. त्या आठवड्याच्या पिक्चरबद्दल त्याने शनिवारीच निकाल देऊन टाकला होता : "गुरुवारी उतरतंय."

त्या पिक्चरचं नाव मी सांगत नाही. ते आपणच काढलं असं काढणाऱ्याला अजून वाटतं. कशाला त्याचं मन मोडा? गोष्ट दोन ठकांची होती. हीरो आपण मोठा संस्थानिक आहोत असं सांगून हिंडतो. हिरॉईन चहाच्या मळ्यांची एकुलती एक मालकीण असल्याचं सांगते. दोघांच्याही खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे नाहीत. तो तिचा हार लांबवायला आलाय, ती त्याला गंडवायला. आणि दोघं गंडवता गंडवता प्रेमात पडतात. माणसं देखणी, बोलणं चटपटीत, गाणी बरी. तरी थिएटर ओस.

"दहावं रीळ खातंय त्याला," निवृत्ती म्हणाला होता. "दहाव्यात ती पोरगी आपल्या मामाला सगळं सांगून बसती. हा चोर हाय हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं, हार नायच, पेटीत काचेचे मणी भरलेत, असं. मग अकराव्यात तो पेटी पळवतो, स्टेशनावर उघडतो, मणी निघतात. आता लोकांना आधीच ठाव हाय, तर बघायचं काय? दहाव्याला सोडा प्यायला जातात ते परतच येत नाय."

एवढं लांब तो त्या वर्षात दुसऱ्यांदाच बोलला असेल. मी "हं हं" केलं. मला त्या वेळी फक्त हँडबिल दिसत होतं.

आता या पिक्चरवर निवृत्तीचं काय अडलं होतं ते सांगतो. त्याचं लग्न अडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी तीनच्या खेळाला मध्येच फिल्म तुटली. अंधारात शिट्ट्या सुरू झाल्या, आणि त्या शिट्ट्यांच्या वर लेडीज क्लासमधून एक खणखणीत आवाज आला : "अहो ऑपरेटर, जेवायला बसलात का?" निवृत्तीने फिल्म जोडता जोडता काचेतून खाली बघितलं. ती लता. नाशिकरोडला राहायची, मंगळवारी शिवणक्लासला म्हणून यायची, आणि शिवणक्लास तीन ते सहा मोहिनीराजमध्ये भरायचा. पुढच्या मंगळवारी त्याच वेळी फिल्म पुन्हा तुटली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. तिसऱ्या खेपेला लता बाहेर आली आणि लेडीज क्लासच्या दारावर बसणाऱ्या भागीबाईला म्हणाली, "त्यांना सांगा, असं तोडू नका, मी तशीही येणारच आहे."

लग्नाची बोलणी मात्र लतेच्या वडिलांशी. रंगनाथराव नोटांच्या प्रेसमध्ये तावांवरची छपाई तपासायला होते. तीस वर्षं तेच काम. रेष जाड, शाई फिकी, आकडा तिरका, एवढंही त्यांच्या डोळ्यांतून सुटत नसे. घरी पोळीसुद्धा उजेडात धरून बघायचे. लतेने त्यांना सांगून ठेवलं होतं की मुलगा 'विजेच्या कामात' आहे. खोटं काही नव्हतं. दिवसाचे नऊ तास तो मशीनमधल्या विजेच्या ज्योतीशेजारीच उभा असायचा. पण रंगनाथरावांनी चौकशी केली आणि म्हणाले, "थेटरवाला? बरं. मालकाकडून लिहून आण म्हणावं, नोकरी कायम आहे म्हणून. दिवाळीपर्यंत थांबतो. नाहीतर ओझरच्या कारखान्यातलं स्थळ आहेच."

मालक म्हणजे देवरामशेठ. ते कायमचा कागद देणार कसले? त्यांचं थिएटरवरूनच मन उडालं होतं. लागोपाठ चार पिक्चर आपटले होते. "हे पाचवं," शेठ म्हणाले, "हेही गुरुवारी उतरलं तर मशीन विकतो, खुर्च्या काढतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर इथं मंगल कार्यालय. सिन्नरला भांडीसुद्धा बघून ठेवलीत."

म्हणजे पिक्चर उतरलं की थिएटर गेलं, थिएटर गेलं की नोकरी गेली, आणि लता ओझरला. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही बुधवारी, उतरायच्या आदल्या दिवशी, सहाच्या खेळाला मी चिवडा खात फळीखाली बसलो होतो.

नववं रीळ संपत आलं. निवृत्तीने फळीवरून दहाचा डबा घेतला, दुसऱ्या मशीनवर रीळ चढवलं, वेळ झाली तशी खटका ओढला. मी सहज काचेतून बघितलं आणि चिवडा घशात अडकला. पडद्यावर मामाची खोली यायची ती आली नाही. एकदम साखरपुड्याची मैफल! हीरो पेटी काखेत मारून खिडकीतून पळाला, टांगा, स्टेशन, बाकडं, पेटी उघडली, आणि काचेचे मणी खळ्ळकन फलाटावर.

थिएटरमध्ये जेमतेम साठ माणसं. मागून कुणीतरी ओरडला, "आयला, पोरीनं गंडवला!" आणि जी शिट्टी पडली, ती मी त्या थिएटरात चार पिक्चरमध्ये ऐकली नव्हती. लोक खुर्च्या बडवायला लागले. त्यावर लागलं दहावं. ती मामाला सांगतेय, हे सगळं मी कसं केलं. सोडा प्यायला कोणी उठलं नाही. भागीबाई दार सोडून आत येऊन उभी राहिली होती.

"निवृत्ती," मी म्हणालो. "अरे, माझ्या हातून... ते डबे पडले होते. मी अदलाबदल केली. माझ्यामुळे तुझं..."

निवृत्तीने माझ्याकडे बघितलं. असा एक सुस्कारा सोडला, की सात जन्मांत मी तो विसरणार नाही.

"झालं ते झालं, भाऊ," तो म्हणाला. "चहा सांगा."

मी धावत खाली गेलो आणि दोन चहा सांगितले. त्या दिवसापासून निवृत्तीचा चहा माझ्याकडे लागला. दुपारी एक, खेळ सुटताना एक. पैसे तो कधी विचारत नसे, मी कधी सांगत नसे. अपराध्याने आपल्या अपराधाची वाच्यता करू नये. तो कप हातात घ्यायचा, क्षमा केलेल्या माणसासारखा हळू हळू प्यायचा, आणि मला जरा बरं वाटायचं.

गुरुवारी मी सकाळीच वर गेलो. "आता नीट लाव बाबा. शेठनी बघितलं तर मेलास."

"कोणी तक्रार केली का?"

"नाही."

"मग?"

आणि तीनच्या खेळाला त्याने नवानंतर अकरा, अकरानंतर दहा लावलं. कालच्या साठांनी आपापली माणसं आणली होती. संध्याकाळी बाल्कनी भरली. शेठनी खिडकीवरची रांग बघून सिन्नरच्या भांडीवाल्याला निरोप धाडला, जरा थांबा म्हणून. आमचे देवरामशेठ पिक्चर बघत नसत. ते खिडकी बघत. हे पिक्चर त्यांनी एकदाच, घेताना, मुंबईला बघितलं होतं. ते आत येत नव्हते तोवर आम्ही वाचलो होतो.

मी नवं हँडबिल लिहिलं : 'पेटीत काय आहे हे बाहेर सांगणाऱ्यास आमची शप्पथ!' टांग्यावर कर्णा बांधून ते पंचवटीपासून गंगापूर रोडपर्यंत ओरडत फिरलं. दुसरा आठवडा भरला. खेड्यांवरून बैलगाड्या यायला लागल्या. मुंबईत पिक्चर तीन आठवड्यांत उतरलं, पुण्यात दोनच आठवड्यांत; नाशकात मात्र रांग मोडायला पोलीस.

दुसऱ्या मंगळवारी लता शिवणक्लासला आली. तिने पिक्चर आधीच्या मंगळवारी सरळ बघितलं होतं, आता उलटं बघितलं. खेळ सुटल्यावर लोखंडी जिना चढून थेट वर आली, दारातच उभी राहिली.

"हे कोणी केलं?"

निवृत्तीने हनुवटीने माझ्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "भाऊंनी."

लतेने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, हातातल्या चहासकट. "भाऊंना काय कळतंय त्यातलं!" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत जिना उतरून गेली. मला राग आला. चूक का होईना, होती माझीच. तीही कोणी माझ्या नावावर राहू देईना.

जाताना ती एक बातमी ठेवून गेली होती. येत्या रविवारी तीनच्या खेळाला तिचे वडील येणार. होणाऱ्या जावयाचं काम कसं असतं ते डोळ्यांनी बघायला. आणि शनिवारी संध्याकाळी भागीबाईने दुसरी आणली : "उद्या तीनला शेठ बी बसणार हायेत. म्हनले, पिक्चरमधी हाय तरी काय एवढं, बघतो."

मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. रविवारी एक वाजताच वर जाऊन बसलो.

"निवृत्ती, आज सरळ लाव. पाया पडतो तुझ्या. शेठनी पिक्चर बघितलंय. त्यांना कळणार. सासऱ्यादेखत नोकरी जाईल."

"सरळ लावलं तर लोक उठतील."

"उठू देत!"

"सासरे बघतील ना, लोक उठताना." त्याने स्क्रू-ड्रायव्हरने कानामागे खाजवलं. "माझं काम लोकांना बसवायचं. ते बघायला आलेत ते."

आणि त्याने फळीवर डबे मांडले. नऊ, अकरा, दहा, बारा.

बाल्कनीत पहिल्या रांगेत शेठ, त्यांच्यापासून तीन खुर्च्या सोडून रंगनाथराव. कोट, टोपी, डोळ्यांवर कामावरचा चष्मा. दोघांची ओळख नव्हती. मी काचेतून पिक्चर बघतच नव्हतो. आयुष्यात प्रथमच मी निवृत्तीसारखा माणसं बघत होतो. नववं संपलं. पेटी पळाली. शेठ खुर्चीत पुढे सरकले. मणी सांडले, थिएटर फुटलं, आणि त्या गदारोळात शेठ उठले. लोखंडी जिन्यावर त्यांचे जोडे वाजले. दार धाडकन उघडलं.

"निवृत्त्या! रीळ उलटं लावलंस!"

निवृत्तीने मान वळवली नाही. तो दुसऱ्या मशीनवरचा खटका धरून उभा होता. "हां शेठ," म्हणाला. "दहावं नंतर लावलंय."

"नंतर लावलंय? कोणाला विचारून? वितरकाला कळलं तर प्रिंट काढून नेईल तो! किती दिवस चाललंय हे?"

"बारा."

शेठ बोटांवर मोजायला लागले. बारा दिवसांच्या सगळ्या रांगा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असणार. तेवढ्यात मागे जिन्यावर आणखी पावलं वाजली. दारात रंगनाथराव. टोपी हातात, डोळ्यांत पाणी. हसण्याचं.

"अहो, कोण दाखवतंय हे पिक्चर?" ते म्हणाले. "मी मध्यातच आलो उठून, सांगितल्यावाचून राहवेना. तीस वर्षं मी ताव तपासतोय. चूक दिसली नाही असा दिवस नाही. पण इथे कुठे जोड दिसत नाही, कुठे खोट नाही. काय बेमालूम बसवलंय! आपण कोण?"

शेठनी निवृत्तीकडे बघितलं. निवृत्तीने मशीनकडे. खालून शिट्ट्या येतच होत्या. मी स्टुलाखाली जायला जागा आहे का बघत होतो.

"मी मालक," शेठ म्हणाले, आणि त्यांच्या अंगात त्या पडद्यावरचाच हीरो आला. "आमच्याकडे प्रिंट खास निवडून आणतो. पुण्या-मुंबईवाल्यांना असली मिळत नाही."

"तरीच! आणि हा मुलगा?"

"आमचा हेड ऑपरेटर."

"कायम?"

खरं बोलावं तर बारा दिवस चुकीचं पिक्चर दाखवलं हे कबूल करावं लागणार होतं. शेठनी एकदा काचेतून खालच्या भरलेल्या खुर्च्यांकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "अर्थात कायम."

"लेखी द्याल?"

मी इथे, फक्त इथेच, प्रसंगावधान दाखवलं. खिशातलं हँडबिल काढून कोरी बाजू वर केली, मजकूर लिहिला आणि पेन शेठपुढे धरलं. 'निवृत्ती सावळीराम सांगळे यास हेड ऑपरेटर म्हणून कायम करण्यात येत आहे.' शेठनी भिंतीला टेकवून सही ठोकली. रंगनाथरावांनी तो कागद मशीनच्या उजेडात धरून पाठपोट तपासला. पाठीमागे लिहिलं होतं, 'पेटीत काय आहे हे बाहेर सांगणाऱ्यास आमची शप्पथ!' ते खळखळून हसले, कागदाची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला, पुढचं बघू द्या आता. तो परत येतो की नाही तिच्याकडे?"

"येतो," निवृत्ती म्हणाला.

पिक्चर अकरा आठवडे चाललं. लग्न मार्गशीर्षात मोहिनीराजमध्येच लागलं, सकाळी नऊच्या मुहूर्तावर, बाराच्या खेळाच्या आत. शेठची मंगल कार्यालयाची हौस तेवढी एक सकाळ फिटली. सिन्नरची भांडी त्यांनी भाड्याने आणली. मंगलाष्टकं संपली तशा बाल्कनीतून मुरमुरे पडले. ते प्रेक्षकांनी आणले होते, आमंत्रण नसताना. नवरदेवाने मुंडावळ्या काढून वर जाऊन बाराचा खेळ स्वतः लावला. नवरी लेडीज क्लासमध्ये बसून होती. मध्येच फिल्म तुटली. कोणी ओरडलं नाही.

पुढे व्हिडिओ आला, गल्लीबोळात पिक्चर आठ आण्यांत दिसायला लागलं. तीन थिएटरं बंद पडली. मोहिनीराज राहिलं. शेठ नवं पिक्चर घेण्याआधी निवृत्तीला मुंबईला घेऊन जाऊ लागले. तो तिथेही पडद्याकडे पाठ करून बसायचा आणि माणसं बघून सांगायचा, "घ्या," नाहीतर "राहू द्या." सत्त्याऐंशी साली त्याने इंदिरानगरला दोन खोल्यांचं घर बांधलं. वास्तुशांतीला शेठ आले, भागीबाई आली, रंगनाथरावांनी सगळ्या भिंतींवरून हात फिरवून एका कोपऱ्यात प्लास्टर जाड असल्याचं सांगितलं, आणि मी आलो. येताना खाली टपरीवर सगळ्यांसाठी चहा सांगून आलो. सवय.

जेवायच्या वेळी लता म्हणाली, "भाऊ, तो दहा नंबरचा डबा काढा हो, पापड आहेत त्यात."

स्वयंपाकघरात फळीवर रिळांचे जुने पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले. थिएटरात फुटके म्हणून टाकलेले निवृत्तीने घरी आणले होते. गोल, पापड अगदी मापात बसत. मी दहाचा उघडला. आत कुरडया.

"लतावहिनी, यात कुरडया आहेत."

"मग अकरात बघा. झाकणावर काय जाता? आमच्याकडे झाकण कोणी बघत नाही."

"ऑपरेटर कधीच झाकण बघत नाय," पंगतीतून निवृत्ती म्हणाला. "रीळ चढवताना सुरुवातीच्या पट्टीवर आकडा असतो. तो बघितल्याबिगर मशीनला लावायचं नाय. पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

मी कुरडयांचा डबा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. कुरडया, झाकण, फळी, चिवडा. लता पदराआड हसत होती, नऊ वर्षांपूर्वी हसली होती तशीच.

"निवृत्ती," मी म्हणालो. "म्हणजे त्या बुधवारी..."

"अकरा होतं. दिसलं ना. वेळ बी होता, बदलता आलं असतं." त्याने भातावर वरण घेतलं. "म्हटलं, आपसूक हातात आलंय, बघावं लावून."

"मग मी नऊ वर्षं इथे स्वतःला खातोय! सोन्यासारख्या माणसाच्या नोकरीवर उठलो होतो म्हणून! एका शब्दाने सांगायचंस की नाही मला?"

निवृत्तीने अकराच्या डब्यातला पापड घेतला, उजेडात धरला, मोडला.

"चहा बंद झाला असता."